पोरें सांभाळण्याची पदवी

आमच्या घराण्यांत मुलींनीं शिकावें कीं शिकूं नये, हा वाद माझ्या आजेसासूबाईंच्या काळींच मिटला होता. त्यामुळें मला शिकण्यापासून कोणीं अडविलें, अशी कैफियत मला येथें मांडतां येणार नाहीं. वाद झाला तो काय शिकावें याचा. डॉक्टर व्हावें, वकील व्हावें, प्रोफेसर व्हावें, फार तर संगणकाच्या कचेरींत जावें. या सर्व वाटा वडीलधाऱ्यांना ठाऊक होत्या. परंतु तिशी उलटल्यावर, चार वर्षांची मुलगी पदरीं असतांना, अमेरिकेस जाऊन ‘उपयोजित वर्तन-विश्लेषण’ या विषयांत एम्. ए. करावयाचें, हें ऐकून आमच्या जाऊबाईंनीं जें विचारलें तेंच पुढें सर्व आप्तांनीं विचारलें : "म्हणजे करायचें तरी काय?" जीं मुलें बोलत नाहींत, हांक मारली तर वळून पाहत नाहींत, स्वतःचें डोकें भिंतीवर आपटतात, त्यांना जेवणें, मागणें, थांबणें, बोलणें या गोष्टी पायरीपायरीनें शिकविण्याचें हें शास्त्र आहे, असें मीं सविस्तर सांगितलें. माझ्या आतेसासूबाईंनीं तें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "अग, म्हणजे पोरें सांभाळण्याचीच पदवी कीं ! त्याला अमेरिकेस कशाला जायला पाहिजे?" तेव्हांपासून आमच्याकडे या विद्येला तेंच नांव पडलें, आणि खरें सांगावयाचें तर मला तें आवडतें.

गेल्या पांचसहा वर्षांत ओळखीपाळखीच्या घरांतून मुली याच अभ्यासाची चौकशी करीत माझ्याकडे येऊं लागल्या आहेत. मानसशास्त्र घेऊन पदवीधर झालेल्या, इंग्रजी चांगलें, मनांत कांहीं तरी उपयोगी करावें अशी ऊर्मि; आणि घरीं वडील म्हणतात कीं, यांत पोटापाण्याचें काय तें आधीं विचारून ये. वडिलांचें मुळींच चुकत नाहीं. या मुलींना दर वेळीं तासभर बसून जें सांगतें तें एकदां लिहून ठेवावें, म्हणून हा लेख.

शास्त्राचें मूळ तत्त्व फार गहन नाहीं. माणूस जें करतो त्याच्या पाठोपाठ काय घडतें, यावर तो तें पुनः करील कीं नाहीं हें पुष्कळसें ठरतें. अमेरिकेंतील प्रो. बी. एफ्. स्किनर यांनीं ही गोष्ट उंदीर व पारवे यांच्यावर प्रयोग करून, मोजून, आलेख काढून दाखविली. त्यांचा पहिला मोठा ग्रंथ १९३८ सालचा. आमचे मामंजी निवृत्त मुख्याध्यापक. माझीं पुस्तकें त्यांनीं माझ्या आधीं चाळलीं, आणि एके दिवशीं चहाच्या वेळीं विचारलें, "सूनबाई, मुलें म्हणजे काय पारवे आहेत?" मी म्हणालें, "नाहींत. पण मग मामंजी, शाळेंत छडी कोणत्या शास्त्राप्रमाणें मारीत असत?" असें उत्तर सुनेनें देण्याचे दिवस आले आहेत हें आमचें भाग्य, मामंजी हंसले. त्यांचा प्रश्न मात्र खोटा नव्हता, आणि पुढें तो मला निराळ्या रूपानें पुनः भेटला.

प्रयोगशाळेंतील हें तत्त्व माणसांच्या उपयोगीं आणणाऱ्यांत डोनल्ड बेअर, माँट्रोज वुल्फ आणि टॉड रिझ्ली हीं तीन नांवें प्रथम घेतलीं जातात. तिघेही कॅन्सस विद्यापीठांतले. १९६८ मध्यें या विषयाचें स्वतंत्र नियतकालिक निघालें, आणि त्याच्या पहिल्याच वर्षीं तिघांनीं मिळून जो निबंध लिहिला तो आजही प्रत्येक विद्यार्थ्याला वाचावा लागतो. जें वर्तन बदलावयाचें तें त्या माणसाच्या व समाजाच्या दृष्टीनें महत्त्वाचें असावें. काय केलें तें दुसऱ्याला जसेंच्या तसें करतां येईल इतकें स्पष्ट लिहावें. आणि झालेला फरक व्यवहारांत उपयोगीं पडेल एवढा मोठा असावा, असें त्यांचें म्हणणें.

परंतु त्या निबंधापेक्षां मला वुल्फ व त्यांचे सहकारी यांनीं १९६४ मध्यें प्रसिद्ध केलेली एक हकीकत अधिक शिकवून गेली. साडेतीन वर्षांचा एक स्वमग्न मुलगा होता. मोतीबिंदूमुळें त्याच्या डोळ्यांतील भिंगें काढावीं लागलीं होतीं, आणि चष्मा लावला नाहीं तर दृष्टि जाणार असें डॉक्टरांचें म्हणणें होतें. मुलगा चष्मा डोळ्यांशीं येऊंच देईना. या लोकांनीं काय केलें, तर बिनकाचेच्या रिकाम्या चौकटी खोलींत ठेवून दिल्या. मुलानें नुसती उचलली तरी खाऊचा तुकडा. मग हातांत धरली तर. मग घेऊन फिरला तर. मग चेहऱ्याजवळ नेली तर. पुढें न्याहारीचा एकेक घास याच पद्धतीनें. असें करीत करीत तो मुलगा दिवसांतील बहुतेक वेळ खराखुरा चष्मा लावूं लागला. यांत मला खटकणारी गोष्ट एकच, ती म्हणजे न्याहारी. मुलाचें जेवण असें हातांत धरून ठेवणें मला मान्य नाहीं, आणि मी तें करीत नाहीं. पण रिकाम्या चौकटीची ती युक्ति मी जन्मांत विसरणार नाहीं. आपण मुलांना एकदम काचेचा चष्मा लावावयास जातों आणि मग मुलगा हट्टी आहे म्हणतों.

२०१० च्या ऑगस्टांत मी कॅन्सस राज्यांतील लॉरेन्स या गांवीं गेलें. लहानसें गांव, टेकडीवर विद्यापीठ, आणि वारा असा कीं पदर सांभाळतां सांभाळतां पहिल्याच आठवड्यांत मीं साडी नेसणें सोडलें. त्या दोन वर्षांचें वर्णन मी फारसें करणार नाहीं. थंडी, एकटेपण, रात्रीं दोनपर्यंत वाचणें, हें परदेशीं शिकलेल्या प्रत्येकानें लिहिलेलेंच आहे. माझी मुलगी जाऊबाईंपाशीं होती. त्यांनीं तिला स्वतःच्या दोन मुलांत तिसरी म्हणून वाढविलें. वेणी, शाळा, गोवर, सर्व त्यांनीं पाहिलें. मी परत आलें तेव्हां मुलगी सहा वर्षांची होती. विमानतळावर तिनें मला नमस्कार केला आणि विचारलें, "तुम्ही दमलांत का?" जाऊबाईंनीं लगेच तिला दटावलें, "अग, आईला तुम्ही म्हणतात का !" तें ‘तुम्ही’ जावयास सुमारें पांच महिने लागले. या विद्येची किंमत विचारावयास येणाऱ्या मुलींच्या वडिलांना मी फीचा आंकडा सांगतें, आणि मुलींना ही गोष्ट सांगतें.

तेथें काय शिकविलें? पहिल्या प्रथम विशेषणें टाकावयास शिकविलें. आपल्या भाषेंत मुलांसाठीं किती विशेषणें आहेत ! हट्टी, द्वाड, लाडावलेला, चिडका, घुमा, अवलक्षणी. यांपैकीं एकही आमच्या कागदावर चालत नसे. ‘राघू चिडला’ असें लिहिलें कीं कागद परत येई. काय केलें तें लिहा : दहा वाजून चार मिनिटांनीं उजव्या हातानें आईच्या दंडावर दोन वेळां मारलें. त्याआधीं काय झालें होतें? आईनें दूरध्वनि कानाला लावला होता. त्यानंतर काय झालें? आईनें तो खालीं ठेवला. एवढें लिहून होईपर्यंत रागाचें कारण बहुधा कागदावर आपोआप उमटलेलें असतें.

या कारणांचा शोध हाच या विद्येचा गाभा, असें माझें मत आहे. बाल्टिमोर येथें ब्रायन इवाटा व त्यांचे सहकारी यांनीं १९८२ मध्यें स्वतःला इजा करणाऱ्या ९ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकच कृति, म्हणजे डोकें आपटणें किंवा हात चावणें. पण एक मूल तें करतें कोणी जवळ यावें म्हणून, दुसरें समोरचें काम टळावें म्हणून, आणि तिसरें कोणी जवळ नसतांही करतें, कारण त्या कृतींतच त्याला कांहीं मिळतें. तेव्हां तिघांना एकच उपाय कसा चालावा? काम टाळण्यासाठीं हात चावणाऱ्या मुलाला शिक्षा म्हणून कोपऱ्यांत बसविलें, तर त्याला हवें तेंच आपण दिलें. १९८५ मध्यें एडवर्ड कार व मार्क ड्युरंड यांनीं पुढचें पाऊल टाकलें. चावून जें मिळतें तेंच मागावयास शिकवा. ‘मला मदत करा’ एवढें म्हणतां आलें कीं चावण्याचें काम उरत नाहीं. बोलतां येत नसेल तर चित्र दाखवून मागूं द्या, खुणेनें मागूं द्या.

पुण्यास परत आल्यावर लक्षांत आलें कीं, तिकडचीं पुस्तकें एक आई, एक बाप व दोन मुलें एवढ्याच घरासाठीं लिहिलेलीं आहेत. आपल्या घरांत नऊ माणसें. समजा, नातवानें किंचाळून बिस्किट मागितलें तर द्यावयाचें नाहीं, हात पुढें करून मागितलें तर लगेच द्यावयाचें, असें ठरलें. आठ माणसें तें पाळतात. नववे आजोबा. त्यांच्यानें तें रडणें ऐकवत नाहीं. ते तिसऱ्या दिवशीं देवघराआड हळूच एक बिस्किट देतात. स्किनर यांनीं व चार्ल्स फर्स्टर यांनीं १९५७ सालीं एका जाड ग्रंथांत हेंच दाखविलें आहे कीं, जी गोष्ट दर वेळीं फळते ती फळेनाशी झाली कीं लौकर सुटते. पण जी कधीं फळते कधीं फळत नाहीं, ती सुटतां सुटत नाहीं. म्हणजे आजोबांच्या त्या एका बिस्किटानें किंचाळणें होतें त्याहून चिवट होतें. हें मीं एका घरीं आजोबांना समजावून सांगितलें, तर ते म्हणाले, "बाई, तुमचें बरोबर असेल, पण माझें वय ब्याऐंशी आहे. मी किती दिवस निष्ठुर होऊं?" यावर उत्तर पुस्तकांत नव्हतें. शेवटीं असें ठरविलें कीं, बिस्किटांचा डबा आजोबांच्याच ताब्यांत द्यावयाचा, आणि मुलानें हात पुढें केला कीं सर्वांत आधीं आजोबांनींच द्यावयाचें. निष्ठुर होण्याचें काम आईकडे, उदार होण्याचें आजोबांकडे. दीड महिन्यानें तो मुलगा आजोबांचा हात धरून डब्यापाशीं नेऊं लागला.

उलट बाजूनें पाहिलें तर एकत्र कुटुंबासारखी सोय नाहीं. खोलींत एका शिक्षिकेपाशीं ‘पाणी’ म्हणावयास शिकलेलें मूल दुसऱ्यापाशीं तें म्हणत नाहीं, ही या कामांतील नेहमींची अडचण. आपल्याकडे काकू आहे, आत्या आहे, चुलत भावंडें आहेत. पाणी मागावयास दहा माणसें व चार खोल्या. मोजण्यासाठीं आम्हीं तिकडे मनगटाला यंत्र बांधीत असूं. येथें एका आजीबाईंना मीं दोन वाट्या आणि मूठभर चिंचोके दिले. नातवानें आपण होऊन कांहीं मागितलें कीं एक चिंचोका या वाटींतून त्या वाटींत. त्या आजींइतकी अचूक नोंद मला पदवीधर मुलींकडूनही क्वचितच मिळाली.

भाषेविषयीं एक गोष्ट आग्रहानें सांगतें. कित्येक घरीं मला असें आढळतें कीं, मुलगा उशिरा बोलतो म्हणून कोणीं तरी सल्ला दिलेला असतो, घरांत फक्त इंग्रजी बोला. मग ज्या आजीला इंग्रजी येत नाहीं ती नातवाशीं बोलणेंच सोडते. दोन भाषा कानांवर पडल्यानें स्वमग्न मुलांचें बोलणें मागें पडतें, असें संशोधनांत आढळलेलें नाहीं. ज्या घरांत पाणी ‘पाणी’ म्हणून मागतात तेथें मुलानें तें तसेंच मागावें.

आतां मामंजींच्या पारव्यांकडे येतें. या विद्येवर मोठा आक्षेप आहे आणि तो मुलींनीं येण्यापूर्वीं ऐकला पाहिजे. लॉस एंजेलिस येथील प्रो. इव्हार लोव्हास यांचा १९८७ चा निबंध फार गाजला. १९ लहान मुलांना आठवड्याला ४० तासांप्रमाणें दोन वर्षें व अधिक शिकविलें, त्यांपैकीं ९ साधारण शाळेंत पहिली इयत्ता पार पडून बुद्धिमापनांतही इतरांच्या बरोबरीस आलीं, असा त्याचा निष्कर्ष. आशेनें वेडे झालेले आईबाप तेव्हांपासून ४० तासांचा आंकडा धरून बसले. पण मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. आणि शिकवितांना ओरडणें व मांडीवर चापट मारणें हेंही होतें. त्याच्याही आधीं, १९६० नंतरच्या दशकांत, याच गृहस्थांनीं मुलांना विजेचे झटके देऊन पाहिले होते. ज्यांना लहानपणीं अशा रीतीनें शिकविलें त्यांपैकीं कित्येक आतां मोठे झाले असून स्वतः लिहितात, बोलतात. ते म्हणतात, आम्हांला डोळ्यांला डोळा भिडवावयास लावलें, हात हलवूं दिले नाहींत, आणि हें सर्व कशासाठीं, तर आम्हीं इतरांसारखे दिसावें म्हणून. जिम सिंक्लेअर या स्वमग्न व्यक्तीनें १९९३ मध्येंच आईबापांना उद्देशून लिहिलें होतें कीं, आमच्यासाठीं शोक करूं नका. वुल्फ यांनीं तर १९७८ सालींच आपल्या सहकाऱ्यांना बजावलें होतें कीं, केलेला बदल चांगला कीं वाईट हें ज्यांच्यासाठीं केला त्यांना विचारावें लागेल. विचारावयास पुष्कळांनीं फार उशीर केला.

माझ्यापुरतें मीं ठरविलें आहे. मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करीत असेल, त्याला दुखतें खुपतें सांगतां येत नसेल, तर मी शिकवीन. नुसतें हात हलवतें, एका पायावर झुलतें, डोळ्यांकडे पाहत नाहीं, म्हणून शिकविणार नाहीं. हें मत सर्व घरांना पटत नाहीं. एका घरांतून मला याचसाठीं निरोप मिळाला.

परंतु रेषा कोठें ओढावी हें नेहमीं इतकें सोपें नसतें. एका घरचा मुलगा, त्याला येथें बाळ म्हणूं, आठव्या वर्षांत होता. पांचसहा शब्द बोले. कात्रीचा आवाज ऐकला कीं ओरडे आणि स्वतःच्या कानांवर बुक्क्या मारी. त्यामुळें झोपेंत त्याचे केस कापावे लागत. घरांत मुंज ठरली. चुलत भावाची व त्याची एकदमच, वैशाखांत, कार्यालय घेऊन, चारशें पानें. आई मला म्हणाली, "चार महिने आहेत. त्याला बसायला शिकवा, आणि हात हलवणें तेवढें थांबवा, सगळे बघतील." मीं सांगितलें कीं, केस कापून घेण्यास मी शिकवीन, कारण तें त्याला आयुष्यभर लागणार आहे. हात हलवणें थांबविणार नाहीं. आणि चारशें माणसांत, वाजंत्रीच्या आवाजांत बसावयास शिकविणें म्हणजे त्याला दुखत असतांना दुखत नाहीं असें दाखवावयास शिकविणें; तेंही करणार नाहीं.

घरांत आठ दिवस अबोला होता. चुलत्यांचें म्हणणें, एकाच्या मुंजीला मांडव आणि दुसऱ्याची गुपचूप, हा भेद कां? यांत मत्सर नव्हता, प्रेमच होतें. शेवटीं आजोबांनीं निकाल दिला : दोन्ही मुंजी घरीं, सकाळीं लौकर, घरचीं माणसें व भटजी, जेवण मागाहून कार्यालयांत, ज्याला यावयाचें त्यानें यावें. मी मात्र जानेवारीपासून रिकाम्या चौकटीच्या वाटेनें चाललें होतें. प्रथम यंत्र नुसतें टेबलावर. मग बाळच्या हातांत, बंद. मग बटण त्यानें दाबावयाचें, त्यानेंच बंद करावयाचें. बंद करणें त्याच्या हातीं आल्यावर ओरडणें निम्म्यावर आलें. मग माझ्या दंडाला, त्याच्या दंडाला, मानेला. ‘थांब’ म्हणून तळहात दाखविला कीं यंत्र थांबलेंच पाहिजे, हा नियम केशकर्तनालयांतल्या गृहस्थांनींही कसोशीनें पाळला. मुंजीच्या दिवशीं त्यानें अकरा वेळां हात दाखविला आणि अकरा वेळां ते थांबले. भटजींची घाई होती, पण तेही थांबले. आजोबांनीं मंत्र सांगितला तेव्हां बाळ त्यांच्या मांडीवर बसून दोन्ही हात हलवीत होता. तो मंत्र त्याच्यापर्यंत पोहोंचला कीं नाहीं, हें मोजण्याचें साधन माझ्यापाशीं नाहीं.

राहिला पोटापाण्याचा प्रश्न. अमेरिकेंत या धंद्याला बरकत आली ती विम्यामुळें. २०१९ पर्यंत पन्नासही राज्यांत स्वमग्न मुलांच्या उपचारांचा खर्च विम्यांत धरण्याविषयीं कायदे अथवा नियम झाले. तेथें पदव्युत्तर पदवी, मार्गदर्शकाच्या देखरेखीखालीं २,००० तास काम (निवडक पद्धतीनें केल्यास १,५००), आणि मग चार तासांची परीक्षा, अशी वाट आहे. परंतु तिकडील प्रमुख प्रमाणपत्र-मंडळानें १ जानेवारी २०२३ पासून हिंदुस्थानांत राहणाऱ्या उमेदवारांचे नवे अर्ज घेणें बंद केलें आहे. मला तें प्रमाणपत्र २०१३ मध्यें मिळालें म्हणून माझें चालतें. येथें राहून तीच पाटी लावण्याच्या भरंवशावर कोणी कर्ज काढीत असेल, तर आधीं हें वाचावें. इतर आंतरराष्ट्रीय संस्थांचीं प्रमाणपत्रें आहेत, त्यांचें वजन अजून ठरावयाचें आहे. आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानें पुनर्वसन परिषद स्थापन झाली; त्या कायद्याच्या यादींत विशेष शिक्षक आहेत, चिकित्सक मानसशास्त्रज्ञ आहेत, वर्तन-विश्लेषक नाहींत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें २१ प्रकारच्या अपंगत्वांत स्वमग्नता धरली, हें मोठें काम झालें. पण घरीं येऊन शिकविणाऱ्या बाईचे पैसे आजही बहुतेक घरें आपल्याच खिशांतून देतात. म्हणून माझा सल्ला असा कीं, आधीं विशेष शिक्षणाची किंवा चिकित्सक मानसशास्त्राची मान्यताप्राप्त पदवी येथेंच घ्यावी, आणि वर्तन-विश्लेषण तिच्यावर चढवावें. मिळकत प्रोफेसराहून कमी आणि दगदग शाळामास्तरणीहून अधिक, असें समजून चालावें.

आणि अर्ज भरण्यापूर्वीं सहा महिने एखाद्या मुलाच्या घरीं रोज दोन तास जावें. फुकट नव्हे, थोडेंबहुत घेऊन जावें, म्हणजे रोज जाणें होतें. तिथें ती मुलगी चावून घेईल, ओरबाडून घेईल, आजोबांशीं भांडेल, कदाचित् आजींशींही. सहा महिन्यांनीं तिची वही घेऊन माझ्याकडे यावें. वहींत विशेषणें किती आणि आंकडे किती, एवढेंच मी पाहतें. गेल्या महिन्यांत एक वही आली. तिच्या शेवटच्या चाळीस पानांत ‘हट्टी’ हा शब्द एकदांही नव्हता. त्या मुलीच्या वडिलांना मीं रविवारीं चहाला बोलावलें आहे.